येसर हैदराबादला निघाला

हैदराबादहून परत आल्यापासून गल्लीतली भेटेल ती बाई मला चारमिनारचं विचारते. चारमिनार मी रिक्षातून पाहिला आणि तोही अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्याच्या आड बांगड्यांच्या दुकानाची पाटी आली. पण कुंडीत लावलेली गाजरं टेबलावर आणून ठेवली होती आणि ती मातीसकट खायची होती, असं मी सांगायला लागले की त्याच बाया पदर तोंडाला लावून हसतात. "संगीता, काय बी फेकू नगं," म्हणतात. मग ठरवलं, सगळं एकदा लिहूनच काढायचं. ज्यांना हसायचंय त्यांनी वाचून हसावं.

आधी कारण सांगते, कारण नुसतं खायला म्हणून हैदराबाद गाठणारी माणसं आम्ही नव्हे. माकणीला आमच्या बायकांचा बचत गट आहे आणि गटाचा येसर आहे. ज्यांच्या घरी येसर होत नाही त्यांच्यासाठी सांगते: बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं असं एकेक वेगळं खमंग भाजायचं आणि काळ्या मसाल्याबरोबर दळून ठेवायचं. त्यातलं चमचाभर पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी अशी काही होते की शेजारची माणसं दारातून डोकावतात. आमच्याकडं लग्नात येसराच्या आमटीशिवाय पंगत होत नाही. आमच्या गटात भाजायचं काम अक्कांचं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. बाकीच्या आम्ही निवडतो, दळतो, भरतो. पण कढईपुढं दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. आम्हीही बसून पाहिलं आहे, तो वास काही आला नाही.

माझी मुलगी ऋतुजा हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीत तिनं डबाभर येसर नेला आणि फरहा नावाच्या मैत्रिणीला त्याची आमटी खाऊ घातली. ही फरहा तिथल्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य स्वयंपाकीण आहे. शेफ म्हणायचं. ती येडीच झाली. तिच्या हॉटेलात नव्या पदार्थांची जुळवाजुळव चालली होती, तर म्हणाली, जेवणाची सुरुवात येसरानं करायची. मालक तयार झाले, फक्त येसर वरचेवर मिळायला पाहिजे म्हणाले. माझा तर पाय जमिनीवर ठरेना! आमचा येसर लोहारा-उमरग्याच्या पलीकडं कधी गेला नव्हता.

अक्का मात्र सुपातलं धान्य निवडत राहिल्या. "आधी काय करतेत त्येचं ते मला बघू दे," त्या म्हणाल्या. "पटलं तर मागनं पाठवू. न्हाय पटलं तर चिमूटभर बी जायचा न्हाय माकणीच्या भाईर."

"अक्का, तुमी एवढ्या लांब येणार?"

"मग? लेक दिताना घर बघत न्हाईत व्हय?"

ऋतुजानं लगेच बेत आखला. मोठ्या आईला, म्हणजे अक्कांना, एकदम फरहाच्या हॉटेलात नेलं तर ती बिथरेल, त्याआधी दोन दिवस शहरातली बाकीची नवी हॉटेलं दाखवू, म्हणजे हल्ली लोक काय आणि कसं खातात ते कळेल. अक्कांनी आजवर हॉटेलात चहापलीकडं काही घेतलं नव्हतं. त्यांनी वाटेसाठी धपाटे बांधले, मी शेंगाचटणी बांधली, आणि घरातल्या दोघा भावांना, म्हणजे आमच्या नवऱ्यांना, भाकरीच्या टोपल्याच्या भरवशावर सोडून आम्ही निघालो.

माधापूर

उमरग्याला गाडीत बसलो आणि हैदराबादला उतरलो. मधलं सांगण्यासारखं काही नाही, दोघीही झोपलो होतो. ऋतुजाचं घर माधापूर भागात आहे. तिथं एवढाल्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या मधोमध एवढाले काळे खडक. खडक बघून अक्कांना बरं वाटलं. "दगूड तरी आपल्याकडल्यावानी हाय," म्हणाल्या.

संध्याकाळी फरहा भेटायला आली. तिशीच्या आतली, आखूड केसांची, येताना उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन. मला वाटलं होतं शेफ म्हणजे काहीतरी तोऱ्यात असेल. ही तर परीक्षेला आल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. अक्कांनी तिच्या मनगटावरचे डाग आधी पाहिले.

"भाजलंय व्हय?"

"हौ मौसी. तवे से."

"बर्नोल लावायचं न्हाय. हळद लावायची," अक्का म्हणाल्या आणि मुद्द्याला आल्या. "येसर का क्या करनेवाली है तू?"

"अब्बी नै बोल्तूं मौसी. तुमे खाओ, फिर बोलो. तुमे नक्को बोले तो मैं मेनू में नै रखती."

फरहाची दख्खनी आणि आमची मराठी एकमेकींना फारशी लांबची नाही, दोन-चार वाक्यांत गाडी रुळावर येते. पण तिचं ते शेवटचं वाक्य मी दोनदा मनात घोळवलं. म्हणजे सगळं अक्कांच्या एका होकारावर लटकलेलं. आणि अक्का काय चीज आहेत ते मी तीस वर्षं बघते आहे. आमच्या थोरल्या दिरांनी नवी साडी आणली तर "रंग बरा हाय" इतकंच म्हणतात. पसंत नसली तर तेवढंही नाही.

काचेच्या मजल्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजा आम्हाला बंजारा हिल्सला घेऊन गेली. लिफ्टनं वर, आणखी वर, आणि दार उघडलं तर समोर सगळं शहर पायाखाली! मी काचेला नाक लावून उभीच राहिले. हुसेनसागर इथून आपल्या तेरणेच्या धरणातल्या फुगवट्याएवढा दिसतो, पण कडेनं केवढी ती घरं. मला कुणी ओढलं नसतं तर मी जेवण विसरले असते.

ऋतुजानं आपल्या मनानंच सगळं मागवलं आणि मग एकेक नवल येऊन टेबलावर बसायला लागलं. पाणीपुरीचं पाणी औषधाच्या नळीतून. दहीवडा बर्फाच्या गोळ्यासारखा गार आणि आतून वाफाळलेला. तो तोंडात टाकला आणि मला हसूच फुटलं, कारण दातांना थंडी वाजत होती आणि जिभेला चटका बसत होता. आणि मग ती कुंडी आली. खरीखुरी मातीची कुंडी, काळी कसदार माती आणि त्यातून वर आलेला हिरवा पाला. वाढणाऱ्यानं सांगितलं, गाजर उपटा आणि मातीत घोळवून खा.

अक्कांनी पाला धरून गाजर उपटलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"मुळ्या कुठं हायती?"

"मोठी आई, हे आत खोचून ठेवलेलं असतं," ऋतुजा म्हणाली. "माती पण खायची आहे. भाजलेल्या तिळाची आणि उडदाची केलेली असते."

"अगं, उडीद हाय तर उडदावानी दिसू द्या की. त्येला माती करायची काय गरज?" असं म्हणून अक्कांनी कुंडी माझ्याकडं सरकवली. मी सगळी माती खाल्ली. बोटानं पुसून खाल्ली. अशी चविष्ट जमीन आमच्या वाट्याला आली असती तर मी शेतात पेरणी होऊच दिली नसती.

आजूबाजूच्या टेबलांवर एक गंमत चालली होती. ताटली आली की कुणी हात लावत नव्हतं. आधी फोन वर धरायचा, वाकून, उभं राहून, ताटली फिरवून फोटो घ्यायचा. अक्का बराच वेळ बघत होत्या.

"नैवेद्य दावतेत का काय?"

"व्हय अक्का, तसंच की."

"मग हात जोडत कसं न्हाईत?"

खरा घोटाळा शेवटी झाला. नारळाच्या करवंटीत काहीतरी गोड आणलं आणि वाढणाऱ्यानं ते टेबलावर ठेवताच त्यातून पांढरा धूर निघाला. मी "अगं बाई" म्हणेपर्यंत अक्कांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून करवंटीवर रिकामा केला. विझवायला. खाली तो धूर सोडणारा सुका बर्फ होता, हे आम्हाला काय माहीत! पाणी पडलं तसा तो जो काही उसळला, की टेबल गेलं, ऋतुजा गेली, अक्का गेल्या, धुरात मला नुसता अक्कांचा आवाज येत होता. "संगीता, पळ! पळ गं!" सगळं हॉटेल टाळ्या वाजवायला लागलं. एका मुलीनं तर येऊन विचारलं की हा पदार्थ मेनूत कुठल्या नावानं आहे.

खाली उतरल्यावर मला आणि ऋतुजाला हसू आवरेना. अक्का मात्र रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाल्या, "आपल्या येसराचा असा धूर करणार आसंल तर मला आत्ताच सांग."

माझं हसू तिथंच थांबलं.

मंगळवार

तिसरा दिवस मंगळवार. अक्कांचा तुळजाभवानीचा मंगळवार असतो, दिवसभर काही नाही आणि दिवेलागणीला एकदा जेवण. ऋतुजाला हे लक्षातच नव्हतं, तिनं एका नव्या हॉटेलात जागा राखून ठेवली होती. मला वाटलं बेत रद्द होणार. पण अक्का म्हणाल्या, "तुमी खावा की. म्या बसते."

हे हॉटेल अगदी वेगळं. टेबलं नाहीतच. लांबच लांब लाकडी कट्टा, कट्ट्याच्या अलीकडं आपण आणि पलीकडं हातभरावर चूल. आपल्यासमोरच सगळं करतात, भिंत नाही, पडदा नाही. मी खात सुटले. मटणाचा कीमा भरलेलं कुरकुरीत डोशाचं गुंडाळं, चिंचेच्या आमटीत शिजवलेली भेंडी, आणि हिरव्या मिरचीचं आइस्क्रीम! खोटं नाही सांगत. आधी गोड, मग गार, आणि गिळल्यावर कानातून वाफ. मी दोनदा मागून घेतलं. ऋतुजा म्हणाली, आई, जरा हळू. मी म्हटलं, हळू मी माकणीला गेल्यावर खाईन.

अक्का शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील. पाहते तर त्या कट्ट्यावर कोपरं टेकून पुढं वाकल्या होत्या. समोर एकजण मसाला परतत होता. त्यानं चमच्यानं थोडा घेऊन चाखला आणि तो चमचा बाजूच्या भांड्यात टाकला. पुन्हा चाखायला नवा चमचा.

"उष्टं करंना गं त्यो," अक्का माझ्या कानात म्हणाल्या. त्यांना ते फार भावलं. त्या स्वतः स्वयंपाक करताना कधी चाखत नाहीत, देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही हा त्यांचा नेम. मीठसुद्धा वासावर ठरवतात आणि कधी चुकत नाहीत. मी मात्र चार-चारदा चाखते आणि तरी कधी अळणी तर कधी खारट.

मग त्यांनी एकदम मान वर केली. "करपतंय," म्हणाल्या. समोरच्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण त्यानं त्यांच्या बोटाकडं पाहिलं आणि मागच्या शेगडीवरची कढई उतरवली. दोघं एकमेकांकडं बघून हसले. निघताना अक्कांनी त्याला नमस्कार केला, त्यानंही टोपी काढून केला. संध्याकाळी ऋतुजाच्या घरी पिठलं-भाकरी खाताना अक्का म्हणाल्या की माणसं मनापासनं करतेत, ते खोटं न्हाय. माझ्या जिवात थोडा जीव आला. थोडाच, कारण लगेच म्हणाल्या, "पर मिरचीचं आइस्क्रीम म्हंजे लईच झालं."

फरहाचं हॉटेल

शेवटच्या दिवशी सकाळपासून मी साडीच्या निऱ्या तीनदा घातल्या. ऋतुजाला कंपनीत काम निघालं, तिनं आम्हाला दारात सोडलं आणि तासाभरात येते म्हणाली.

फरहाचं हॉटेल एका बैठ्या बंगल्यात आहे. पुढं अंगण आणि अंगणात कडुलिंब. आमच्यासाठी झाडाखाली एकच टेबल मांडलं होतं, बाकीची माणसं आत होती. काच नाही, धूर नाही, पानांची सळसळ आणि भटारखान्याची जाळीची खिडकी. अक्कांनी पदर सावरला आणि हात धुऊन ताठ बसल्या. पंगतीत बसतात तशा.

वाढणारा आला. पांढरे कपडे, एका हातातल्या तबकात दोन दगडी वाट्या. वाटीत तळाला ताकाचा बर्फ, त्यावर कोथिंबिरीचं एक पान, कडेला पापडासारखी पातळ बाजरीची भाकरी उभी खोचलेली. दुसऱ्या हातातल्या किटलीतून त्यानं त्या बर्फावर वाफाळती आमटी ओतली. आणि वास आला! आमच्या घरचा वास, कढईचा, अक्कांच्या हाताचा. परक्या शहरात, कडुलिंबाखाली तो वास नाकात शिरला तेव्हा मला भडभडून आलं, हे कबूल करते. वाढणारा इंग्रजीत भराभर काहीतरी बोलला, आम्ही माना डोलावल्या, तो पाच पावलं मागं जाऊन हात पाठीशी बांधून उभा राहिला.

मी अक्कांकडं पाहिलं. अक्का वाटीकडं पाहत होत्या. हात मांडीवर.

आमच्याकडं ताट पूर्ण वाढून झाल्याशिवाय घासाला हात घालत नाहीत. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, भाकरी, आमटी, भात, भातावर तूप. सगळं आलं, सगळ्यांना आलं, थोरल्यानं सुरुवात केली की मग बाकीच्यांनी. मध्येच कुणी तोंड घातलं तर लहान मुलालासुद्धा डोळे वटारतात. पहिल्या हॉटेलातली ती एकेक नवलं आम्ही जेवणात धरलीच नव्हती आणि कट्ट्यावर अक्का जेवल्याच नव्हत्या, तेव्हा हा प्रश्न आलाच नाही. आता समोर एकच वाटी. म्हणजे बाकीचं यायचं होतं. आणि थोरल्या जाऊबाई थांबल्या असताना मी कशी सुरुवात करणार?

आम्ही थांबलो. वाढणारा थांबला. एकदा जवळ येऊन त्यानं हिंदीत विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, "हां हां, आने दो. कोई जल्दी नहीं." तो पुन्हा मागं जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आत भाकरी चालली असेल.

बर्फ विरघळला. आमटी पांढरट झाली आणि वाफ गेली. उभी भाकरी आधी वाकली, मग आमटीत बसली. जाळीच्या खिडकीत फरहाचा चेहरा दिसला, गेला, पुन्हा दिसला. आणि अक्का माझ्याकडं झुकून म्हणाल्या, "संगीता, बोलावून उपाशी ठेवतेत काय गं ही माणसं?"

तेवढ्यात फरहा बाहेर आली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. एप्रनला हात पुसत ती अक्कांसमोर उभी राहिली.

"मौसी, पसंद नै आया? तुमे तो हाथ बी नै लगाए."

"कशाला हात लावू?" अक्का म्हणाल्या. "ताट वाढून व्हायचंय की अजून. भाजी न्हाय, भात न्हाय, मीठ बी आलं न्हाय."

फरहाला उमजेना. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगायला लागले की आमच्यात असं असतं, सगळं पानात आल्याशिवाय कुणी जेवत नाही. आणि तो वाढणारा मागून म्हणाला की तो तर आम्ही ही वाटी संपवायची वाट बघत होता, त्याशिवाय दुसरं आणायचंच नसतं. म्हणजे आम्ही त्याच्यासाठी थांबलो होतो आणि तो आमच्यासाठी! मला हसावं का रडावं कळेना. रडण्याकडंच जास्त कल होता, कारण येसराचा झालेला चिखल समोर दिसत होता आणि आमचा हैदराबादचा योग त्यात बुडताना मला स्पष्ट दिसत होता.

फरहानं शेजारची खुर्ची ओढली आणि मटकन बसली.

"मेरी नानी के दस्तरखान पे बी ऐसाइच था, मौसी," ती म्हणाली. "सब आये बगैर कोई हाथ नै लगाते थे. मैं होटल का काम सीखी तो एक-एक करके देना सिखाए. मैं भूलीच गई."

"मग आता आठवलं न्हवं?" अक्का म्हणाल्या. "जा, आण समदं."

फरहा उठली ती पळतच आत गेली. आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आतून हाका, भांड्यांचा खणखणाट, पांढऱ्या कपड्यांतली चार-पाच माणसं एकामागोमाग अंगणात! दोन तासांत एकेक करून यायचे ते सगळे पदार्थ एकाच वेळी आले. टेबल पुरेना म्हणून दुसरं जोडलं. भोपळ्याच्या फुलाची भजी, अंबाडीच्या चटणीचे ठिपके, चिंचेत मुरवलेली वांगी, कोवळ्या ज्वारीचा गरम भात, खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं गोड. अक्का उभ्या राहून सांगत होत्या, मीठ हिकडं, लिंबू त्येच्या शेजारी, गोड तिकडल्या अंगाला. आत जेवणारी माणसं खिडकीतून बघायला लागली. तेवढ्यात ऋतुजा धापा टाकत आली आणि तो पसारा बघून दारातच उभी राहिली.

"आई, काय झालं?"

"बस," मी म्हटलं. "वाढून झालंय."

शेवटी फरहानं स्वतः नव्या वाट्या आणल्या. बर्फ, पान, भाकरी, आणि किटलीतून वरून आमटी. ती मागं सरकायला लागली तर अक्कांनी तिच्या एप्रनचं टोक धरलं. "तू बी बस. तुला वाढलं न्हाय अजून." फरहासाठीही वाटी आली. सगळ्यांच्या पुढं सगळं आलं. अक्कांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि वाटी तोंडाला लावली.

मग आम्ही. आधी गरम येसर, खमंग, तिखट, अगदी आपला; आणि मागून ताकाचा गारवा, आंबूस, उन्हातून घरात आल्यावर पहिला घोट घ्यावा तसा. बाजरीची भाकरी दाताखाली कुरकुरली. मला वाटलं होतं येसर कुठंतरी हरवून जाईल, धुरात, नाहीतर मातीत. तो तर उलट पुढं येऊन बसला होता! मी इतकी खूश झाले की टेबलावर हात आपटला आणि लिंबू खाली पडलं. पण माझ्या मताला कोण विचारतं? ऋतुजा, मी आणि फरहा, तिघींचे डोळे अक्कांवर.

अक्का जेवत होत्या. घाई नाही, बोलणं नाही. आणि त्यांच्याकडं बघता बघता माझ्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मी अक्कांना असं जेवताना कधी पाहिलंच नाही. आमच्या घरात आम्ही दोघी वाढणाऱ्या. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं गार घेऊन चुलीपाशी बसायचं, तेही एकीनं भांडी गोळा करता करता. कुणीतरी वाढतंय, आमटी गरम आहे आणि उठायचं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी वाटी पुसून घेतली. बोट चाटलं. फरहा श्वास रोखून बसली होती.

अक्कांनी रिकामी वाटी तिच्यापुढं धरली.

"अजून हाय का?"

मी अक्कांच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. त्या दुसऱ्यांना विचारतात, अजून वाढू का. स्वतःसाठी मागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, लग्नकार्यात नाही, माहेरी नाही, बाळंतपणात नाही. ऋतुजानं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

फरहा वाटी घेऊन धावत आत गेली. जाळीतून झाकणं उघडल्याचे, लागल्याचे आवाज आले. परत आली ती वाटी रिकामीच घेऊन.

"मौसी, खतम हो गया," ती अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली. "रुतुजा का डब्बा पूरा इसीच में गया. पहली वाटियां बी तो फेकनी पड़ीं."

"संपला?"

"हौ."

भाताकडं हात नेत अक्का माझ्याकडं वळल्या.

"संगीता, हिला येसर कमी पडतोय की गं. गावाकडं गेल्या गेल्या कढई चुलीवर ठिवायची."